उतारवयाचा पेहराव

वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत नाना विषय होत असतात. त्यांच्या पंक्तीला कपड्यालत्त्यांचा विषय आणून बसवताना थोडा संकोच वाटतो. त्यातून म्हाताऱ्या माणसांच्या कपड्यांचा! कार्यवाहांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण समोरच्या खुर्च्यांकडे पाहिले म्हणजे माझा संकोच पुष्कळच कमी होतो. व्याख्यानांना येणाऱ्यांत साठी ओलांडलेली मंडळी किती असतात, हे सांगायला शिरगणतीची गरज नाही. तरी आकडाच हवा असेल तर २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरची माणसे सुमारे १० कोटी ४० लाख भरली होती. एवढी माणसे रोज सकाळी उठून काहीतरी अंगावर चढवतात. ते काय असावे हे ठरवते कोण, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला सुचला तो कापडाच्या एका दुकानात. दिवाळीला आठ-दहा दिवस होते. शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ मुलगा आणि सून यांच्याबरोबर आले होते. गादीवर सदऱ्यांचा ढीग पडला होता आणि त्यातल्या एका विटकरी चौकड्याच्या सदऱ्यावर त्यांचा हात पुन्हा पुन्हा जाऊन थांबत होता. मुलाच्या ते ध्यानात आले. तो हसून म्हणाला, "बाबा, हे काय, या वयात?" बोलण्यात तुच्छता नव्हती, उलट मायाच होती. दुकानदाराला पुढचे काही सांगावे लागले नाही. त्याने विटकरी सदरा घडी करून बाजूला ठेवला आणि खालच्या फळीवरून एक वेगळाच गठ्ठा काढला. बदामी, राखाडी, फिकट निळे. "आजोबांसाठी यातलं बघा." आजोबांनी वरचाच सदरा उचलला आणि म्हणाले, "चालेल."

दुकानात त्या वेळी कोणालाही काही वावगे घडले असे वाटले नाही, मलाही नाही. घरी आल्यावर मात्र मनात विचार आला की, तो खालच्या फळीवरचा गठ्ठा दुकानदाराने आधीपासूनच वेगळा बांधून ठेवला होता. गिऱ्हाईक कोण, त्याची आवड काय, हे कळण्यापूर्वीच.

आपल्याकडे सामान्यतः असे समजले जाते की, म्हाताऱ्या माणसांना नव्या तऱ्हा आवडत नाहीत. त्याचबरोबर असेही मानले जाते की, त्यांना त्या आवडू नयेत. या दोन्ही गोष्टी आपण इतक्या सहज एका दमात बोलतो की, त्यांतली पहिली वस्तुस्थिती आहे की दुसरीने पाडलेला धाक आहे, हे कळेनासे होते.

प्रथम फॅशन म्हणजे काय ते पाहू. या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही, आणि त्याचे कारण आपली भाषा दरिद्री आहे हे नव्हे. आपल्याकडे चाल आहे, रीत आहे, तऱ्हा आहे, टूम आहे आणि नखराही आहे. चाल पडते, रीत असते, टूम निघते. क्रियापदेच सांगतात की चालीला वेळ लागतो, रीत जणू अनादि असते आणि टूम ही कोणीतरी काढलेली असते. मौज अशी की, वस्तू तीच राहते आणि काळ जाईल तसतसे तिचे नाव टुमेवरून चालीवर आणि चालीवरून रीतीवर जाते. तिची सुरुवात कोणी केली याचा विसर पडला, की टुमेची रीत झालीच म्हणून समजा.

पाश्चात्त्य पंडितांनी या विषयाचा बारकाईने विचार केला आहे. अमेरिकेतील थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली मांडले की, श्रीमंतांचा पोशाख हा ते अंगमेहनतीचे काम करीत नाहीत याची जाहिरात असतो. आपल्याकडच्या परीटघडीच्या धोतराचा विचार केला म्हणजे हे लगेच पटते. चिखलातून चालणाऱ्याला ते परवडत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०४ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या निबंधात अधिक खोलवरची गोष्ट सांगितली. माणसाला चारचौघांसारखे दिसायचे असते आणि त्याच वेळी चारचौघांहून वेगळेही दिसायचे असते. या दोन्ही ओढी एकदम भागवण्याचा उपाय म्हणजे फॅशन. वरच्या थराने काही उचलले की खालचा थर त्याचे अनुकरण करतो, आणि सगळ्यांनी अनुकरण केले की वरच्या थराला ते टाकून द्यावे लागते. हे चक्र असेच फिरत राहते.

झिमेल यांच्या या चक्रात म्हातारा माणूस कोठे बसतो? माझ्या मते, ज्यांची जागा अजून पक्की व्हायची आहे त्यांनाच या चक्राची निकड असते. कॉलेजातला मुलगा, नव्याने नोकरीला लागलेली मुलगी, नुकताच पैसा मिळालेला व्यापारी. सत्तर वर्षांच्या माणसाला गल्लीत सर्व ओळखतात. त्याच्या कॉलरवरून त्याची किंमत ठरत नाही. तेव्हा त्याने टुमेमागे धावणे सोडले तर ते साहजिक आहे. पण धावणे सोडणे वेगळे आणि आवड सोडणे वेगळे. आपण गल्लत करतो ती इथे.

आता "आम्ही आपले जुन्या चालीचे" असे अभिमानाने म्हणणाऱ्या ज्येष्ठांकडे वळतो, म्हणजे माझ्याचकडे. आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. त्यात माझे आजोबा पगडी घालून बसले आहेत आणि मागे माझे वडील काळ्या टोपीत उभे आहेत. हे छायाचित्र काढले त्या दिवशी घरात बोलाचाली झाली होती. आजोबांना वडिलांची टोपी हा उथळपणा वाटे. पगडी पगडबंदाकडून बांधून घ्यावी लागे, तिला मापे होती, मान होता. टोपी काय, बाजारातून कोणीही विकत आणावी! पुढे मी कॉलेजात जाऊ लागलो तो उघड्या डोक्याने. तेव्हा हेच वडील, टोपीवरून आजोबांची बोलणी खाल्लेले, मला म्हणाले, "बोडक्याने काय हिंडतोस? घरात कोणी गेलंय का?" उघडे डोके हे त्या पिढीला सुतकाचे चिन्ह वाटे. १९७२ च्या सुमारास मी खाली घेरदार होत जाणारी बेलबॉटम विजार शिवून घेतली, कानापुढे कल्ले राखले, आणि वडिलांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. परवा माझा नातू गुडघ्यावर फाटलेली जीनची विजार घालून आला. ती फाटकी म्हणूनच अधिक किंमत देऊन घेतली आहे, हे कळल्यावर मी जे काही बोललो ते शब्द थेट माझ्या वडिलांचे होते. नातवाने भिंतीवरच्या माझ्या कल्ल्यांच्या छायाचित्राकडे नुसते बोट दाखवले.

चार पिढ्या, आणि प्रत्येकीची जुनी चाल म्हणजे तिच्या तारुण्यातली टूम. माणूस वीस ते पस्तीस या वयात कधीतरी आपल्या पोशाखाशी समेट करतो आणि मग घड्याळ तिथेच थांबवतो. पुढे जग जाते, तो जात नाही. मग त्या थांबलेल्या घड्याळालाच तो परंपरा म्हणू लागतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण गांधी टोपी. आज खेड्यापाड्यांतून पांढरी टोपी म्हणजे म्हातारा शेतकरी, म्हणजे जुने वळण, असे समीकरण झाले आहे. परंतु ही टोपी जुनी मुळीच नव्हे. गांधीजींनी देशातल्या वेगवेगळ्या टोप्या पाहिल्या, काश्मिरी टोपीचा घाट पसंत केला आणि मळ लगेच दिसावा व टोपी धुतली जावी म्हणून पांढरा रंग घेतला, अशी हकीकत काका कालेलकरांमुळे आपल्याला ठाऊक झाली आहे. असहकाराच्या चळवळीत, १९२० नंतर, ती सर्वत्र पसरली. घालणारे बहुतेक तरुण होते. सरकारी कचेऱ्यांतून तिला मज्जाव होई आणि घरोघरचे वडीलधारे "हे काय डोक्यावर घेतलंस, नोकरी जाईल" म्हणून धास्तावत. तेच तरुण ती टोपी न उतरवता म्हातारे झाले आणि बंडाची टोपी आजोबांची टोपी झाली.

स्त्रियांच्या बाबतीत हा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. निऱ्या, परकर आणि पोलके अशा थाटात आज देशभर जी साडी नेसली जाते तिला आपण भारतीय स्त्रीचा पुरातन वेष समजतो. या थाटाच्या प्रसारात मुंबईचा वाटा मोठा आहे. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी १८६४ साली पतीबरोबर मुंबई इलाख्यात आल्या. त्यांनी पारशी स्त्रियांचे पाहून साडी नेसण्याची एक पद्धत बसवली आणि ती बंगालमध्ये नेली. महाराष्ट्रात मात्र नऊवारी लुगडे बराच काळ टिकून होते. पाचवारी आली तेव्हा तिला "गोल पातळ" म्हणत, आणि ते म्हणताना वयस्क बायकांचा ओठ किंचित मुडपलेला असे. काष्टा नाही म्हणजे अर्धवट नेसणे, अशी त्यांची समजूत. पुढे गोल पातळ नेसणाऱ्या मुली सासवा झाल्या आणि सुनांच्या पंजाबी पोशाखाला त्यांनी तसाच ओठ मुडपला. आज त्याच सासूबाई, आता आजी, पहाटे बागेत फिरायला जाताना पंजाबी पोशाख आणि पायात खेळाडूंचे बूट घालतात. कोणी साडीवरच तसले बूट चढवतात. हे दृश्य मला फार आवडते. त्यात टूम नाही, रीत नाही, गुडघ्यांची सोय आहे आणि सोयीमागे एक बेफिकिरी आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जेम्स लेव्हर नावाचे वेशभूषेचे मोठे जाणकार होते. त्यांनी १९३७ साली गमतीने एक वेळापत्रकच बसवले. एखादी तऱ्हा तिच्या वेळेआधी दहा वर्षे निर्लज्ज दिसते, वेळेवर झोकदार, वर्षभराने गबाळी, दहा वर्षांनी हिडीस, वीस वर्षांनी हास्यास्पद. पन्नास वर्षे गेली की ती मजेदार वाटू लागते आणि शंभर-दीडशे वर्षांनी सुंदर! हे वेळापत्रक आपल्या नऊवारीला लावून पाहा. गुढी पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावात किंवा डोंबिवलीत विशीतल्या मुली नऊवारी नेसून, फेटा बांधून, मोटारसायकलवर स्वार झालेल्या दिसतात. नऊवारी बहुधा शिवून घेतलेली, विजारीसारखी पाय घालून चढवायची. आणि वरच्या सज्जात, जन्मभर खरी नऊवारी नेसलेल्या आजी गाऊन घालून ती मिरवणूक पाहत उभ्या असतात.

या गाऊनबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण आपल्या घरांतील वेषाची सर्वांत मोठी क्रांती त्याने केली आणि तिची दखल कोणी घेतली नाही. नऊवारीवरून गाऊनवर येणे ही झेप सात जन्मांची. ती आजीने फॅशन म्हणून घेतली का? तिच्या खांद्याला विचारा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते अंगाभोवती फिरवायचे, निऱ्या करायच्या, ओचा खोचायचा आणि हात पाठीमागे नेऊन काष्टा घट्ट बसवायचा. खांद्याचा सांधा आखडला की हात मागे जात नाही. चोळीची गाठ मारायला बोटांत जोर लागतो, तो संधिवाताने गेलेला असतो. पोलक्याच्या आकड्या दिसत नाहीत. एके दिवशी सून म्हणते, "आई, घरातल्या घरात घाला हो," आणि गाऊन येतो. पुष्कळदा आवड बदललेली नसते, शरीर बदललेले असते.

हा शरीराचा भाग शिंप्यांनी आणि तयार कपडे करणाऱ्यांनी मनावर घ्यावा असा आहे. चाळिशीनंतर माणसाची उंची दर दहा वर्षांना सुमारे एक सेंटिमीटर कमी होत जाते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि हाडे विरळ होतात. पाठीला बाक आला की सदरा मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. तो गबाळा दिसतो तो म्हाताऱ्याच्या गबाळेपणामुळे नव्हे, तर माप तरुणाच्या ताठ पाठीचे असल्यामुळे. कातडीखालची चरबी पातळ होते आणि कातडीजवळच्या रक्तवाहिन्या थंडीत पूर्वीसारख्या आक्रसत नाहीत, म्हणून ऊब निसटते. तेव्हा संक्रांतीनंतरही माकडटोपी न सोडणाऱ्या आजोबांची थट्टा जरा जपून करावी. तळपायाची कमान बसते, पाऊल रुंद होते, पण जोडे मात्र तीस वर्षांपूर्वीच्या नंबराचेच आणले जातात. मग ते टोचतात, आणि आजोबा मागे पट्टा नसलेल्या सैल सपाता घालतात. पडण्याचे एक मोठे कारण तिथेच तयार होते.

रंगाचेही तसेच. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते आणि निळ्या-जांभळ्या छटा अडवू लागते. गडद निळा आणि काळा यांतला फरक मंद उजेडात कळेनासा होतो, पांढरे बदामी दिसते. भिंग काढून कृत्रिम बसवले की निळाई एकदम परत येते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या डोळ्यावर १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरच्या त्याच्या काही चित्रांत निळा रंग विलक्षण उतरला, हे प्रसिद्ध आहे. आमच्या घरातला असाच एक प्रसंग पुढे सांगणार आहे.

तत्पूर्वी एका शब्दाची दखल घेतो. म्हातारचळ. वय झालेल्या पुरुषाने जरा टापटीप केली, अत्तर लावले, मिशी कोरली, की हा शब्द तयार असतो. बालपणीच्या किंवा तारुण्यातल्या नटण्याला आपण चळ म्हणत नाही. या एका शब्दाच्या भीतीने किती माणसे खालच्या फळीवरच्या गठ्ठ्याकडे गेली असतील! गंमत म्हणजे त्याच समाजाला कलप चालतो. फ्रेंच रसायनज्ञ युजीन श्यूलर यांनी १९०७ च्या सुमारास केसांचा कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ साली कारखाना काढला. तेव्हापासून पांढरे केस ही लपवण्याची वस्तू झाली. म्हणजे म्हाताऱ्याने तरुण दिसण्याचा गुपचूप प्रयत्न केला तर चालतो. म्हातारा राहून उघडपणे सुंदर दिसायचे म्हटले की चळ. २०२० च्या टाळेबंदीत केशकर्तनालये बंद झाली, कलप मिळेना, आणि माझ्या ओळखीची तीन-चार माणसे तीन महिन्यांत पांढरी झाली. त्यांतल्या दोघांनी पुन्हा कलप लावलाच नाही. एक तर इतके रुबाबदार दिसू लागले की, त्यांनी इतकी वर्षे लपवले तरी काय, असे वाटावे.

पण पुरुषांना फार तर थट्टा सोसावी लागते. स्त्रियांच्या वाट्याला जे आले ते थट्टेवारी नेण्यासारखे नाही. "वयाला शोभेल असे" हा दंडक खरोखर वयाचाच असता तर तो ऐंशीच्या सर्व स्त्रियांना सारखा लागू पडला असता. पण ऐंशीची सवाष्ण पैठणी नेसून हळदीकुंकवाला जाऊ शकत होती आणि तिची तिशीतली विधवा भाची पांढऱ्यात किंवा तांबड्या आलवणात, केस काढून, माजघरात बसत होती. तेव्हा वयाचा प्रश्न नव्हताच. स्त्रीच्या अंगावरचा रंग हा तिचा नव्हे, अशी समजूत होती. आगरकरांनी 'सुधारका'त "स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत" असा निबंध लिहिला तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. पण स्त्रीच्या कपड्यांचा विचार तिच्या शरीराची सोय आणि तिची प्रतिष्ठा या बाजूने करावा, हे त्यांना सांगायचे होते. मुंबईत १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझी आत्या ऐन तिशीत विधवा झाली आणि आमच्याकडे आली. मला तिनेच वाढवले. केशवपनाचा काळ तेव्हा सरला होता, पण फिक्या रंगाचा सरला नव्हता. तिची लुगडी वडील आणायचे, पुढे मी आणू लागलो. कोऱ्या पांढऱ्यावर बारीक काळा ठिपका, किंवा राखी काठ. तिने कधी तक्रार केली नाही आणि तिला कधी विचारलेही गेले नाही. २००३ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी ती गॅलरीत बसली होती. समोरच्या दोरीवर शेजारणीची साडी वाळत होती. आत्या बराच वेळ तिकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "अरे, निळा असा असतो होय! मी विसरलेच होते." मग आपला पदर उचलून बघितला आणि म्हणाली, "मला एक असलं आणशील? मोराच्या मानेसारखं."

मी काय म्हणालो ते मला अक्षरशः आठवते. मी म्हणालो, "आत्या, या वयात? लोक काय म्हणतील?"

मी काही सनातनी माणूस नव्हतो. विधवाविवाहावर मी कॉलेजात भाषण करून बक्षीस मिळवलेले होते. तरी माझ्या तोंडून ते निघाले, आणि तेही त्या दुकानातल्या मुलासारखेच, हसून, मायेने. आत्या "बरं" म्हणाली. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. त्यानंतर ती चार वर्षे होती. त्या चार वर्षांत मी तिला आठ लुगडी आणली असतील. एकही निळे नव्हते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, पती निधन पावल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे, या प्रथा गावात बंद करण्यात येत आहेत. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा साल पुन्हा पाहिले. एकोणिसाव्या शतकात वस्तरा खाली ठेवला गेला होता आणि बांगड्यांवर ठराव व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. ठरावाने मने बदलतात का, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्या बाईला "लोक काय म्हणतील" हे ऐकवले जाते तिला "गावाने असे म्हटले आहे" एवढे उत्तर तरी मिळाले, आणि ते थोडे नाही.

आणखी एका वर्गाचे स्मरण ठेवणे जरूर आहे. खेड्यातून एसटीने जाताना आपल्याला धोतर, गांधी टोपी आणि वर मुलाचा जुना, इंग्रजी अक्षरे छापलेला टी-शर्ट अशा वेषातले आजोबा भेटतात. आपण त्यांची छायाचित्रे काढतो, गंमत म्हणून पाठवतो. त्या अक्षरांत काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नसते आणि तो शर्ट त्यांनी निवडलेला नसतो. ज्याला निवड नाही त्याच्या पोशाखाला आवडनिवड कसली म्हणायची? शहरातल्या आजोबांना खालच्या फळीवरचा का होईना, गठ्ठा तरी मिळतो.

जपानी लोकांत साठी पूर्ण झालेल्या माणसाला लाल बंडी आणि लाल टोपी घालण्याची चाल आहे. त्यांच्या पंचांगात साठ वर्षांचे चक्र आहे. ते पूर्ण झाले म्हणजे माणूस पुन्हा जन्मवर्षाशी आला, पुन्हा बालक झाला, आणि बालकाचा रंग तिकडे लाल. टोकियोत सुगामो नावाची एक पेठ तर वृद्ध स्त्रियांची पेठ म्हणून नावाजलेली आहे, आणि तिथे केवळ लाल रंगाच्या आतल्या कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेले दुकान आहे. लाल रंगाने अंगात ऊब आणि उमेद राहते, असा तिथल्या आज्यांचा विश्वास आहे.

हे साठ वर्षांचे चक्र आपल्याला परके नाही. प्रभवापासून क्षयापर्यंत आपली संवत्सरेही साठच आहेत, आणि साठीला जन्मसंवत्सर फिरून येते म्हणूनच आपण षष्ट्यब्दिपूर्तीची शांत करतो. पंचांगाचे गणित दोन्हीकडे सारखे. आपण त्या दिवशी माणसाला काय देतो? शाल. साठीला शाल, पंचाहत्तरीला शाल, सहस्रचंद्रदर्शनाला शाल, व्याख्यानाला शाल. माझ्या कपाटात आज चौदा शाली आहेत. त्यांतली एकही मी निवडलेली नाही, आणि वैशाखातल्या उकाड्यात एकही पांघरता येत नाही.

मघाशी आत येताना कार्यवाहांच्या टेबलावर पंधरावी ठेवलेली दिसली. बदामी आहे.